विष तपासणाऱ्याचा पगार कोण देतो?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या बैठकीत चहाच्या वेळी एका बापाने मला बाजूला घेतलं. मुलगी बी.एस्सी. अ‍ॅग्री झाली आहे. पुढे विषशास्त्रात एम.एस्सी. करायचं म्हणते. दुसरीकडे कीटकनाशकाच्या कंपनीची नोकरी चालून आली आहे. पगार बरा, वर गाडीचा खर्च. बाप मला विचारतो, "साहेब, विष तपासून पोट भरतं का?" मी म्हटलं, दादा, याचं उत्तर तुम्हाला एकट्याला द्यायचं नाही, सगळ्यांसमोर द्यायचं आहे. ते द्यायला आज उभा आहे.

आधी एक गोष्ट साफ करतो. विषशास्त्र हा शब्द जड वाटतो, पण ते शास्त्र तुम्हाला नवीन नाही. पावसाने ओढ दिली आणि ज्वारी कोवळी असतानाच सुकायला लागली, तर तुम्ही त्या वावरात गाय सोडत नाही. कापणीनंतर बुडाला आलेला कोवळा फुटवाही चारत नाही. का? त्यात हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं आणि गाय धापा टाकत पडते. तोच धांडा पक्व झाला, वाळून त्याचा कडबा झाला, की तीच गाय पोटभर खाते. विष कशात आहे, किती आहे, कोणाच्या अंगात गेलं आणि कधी गेलं, या चार प्रश्नांचा अभ्यास म्हणजे विषशास्त्र. तुमच्या आजोबांनी तो गायी गमावून केला. शास्त्रज्ञ तो प्रयोगशाळेत करतो.

आता औषधाच्या बाटलीकडे या. आपण त्याला औषध म्हणतो, यातच अर्धी फसगत आहे. बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा. हा रंग ठरतो उंदरांवरून. उंदराच्या वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम विष पोटात गेलं की निम्मे उंदीर मरतात, तो आकडा काढतात. तोंडावाटे दिलेल्या विषाचा हा आकडा ५० पर्यंत असला तर त्रिकोण लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५,००० निळा, त्यापुढे हिरवा. म्हणजे त्या चार रंगांमागे कोणातरी शास्त्रज्ञाची मेहनत आहे. पण तुम्ही छातीएवढ्या कपाशीत, भर दुपारी, घामाने भिजलेल्या सदऱ्याने, पंपात दोन-तीन औषधं एकत्र करून फवारता, तेव्हा तुमच्या अंगात काय होतं हे तो त्रिकोण सांगत नाही. तो प्रश्नच तिथे विचारलेला नसतो.

मग हा प्रश्न कोणी विचारायचा? इथे मला माझंच सांगावं लागेल.

पदवी घेऊन बाहेर पडलो तेव्हा मीही अशीच नोकरी धरली होती. कंपनीचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण मी सांगतोय ती चूक माझी आहे. मोटरसायकलवरून गावोगाव फिरायचो, पारावर बैठका घ्यायचो, एकरी किती आणि पंपाला किती टोपणं ते सांगायचो. एका वर्षी पोळ्याच्या सुमाराला एका गावात फवारणीचा मजूर बांधावर कोसळला. तोंडाला फेस, घामाने निथळलेला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. जीपमध्ये घालून दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी विचारलं, पंपात काय होतं? तीन औषधं होती. दोन मला ठाऊक होती. तिसरं दुकानदाराने "सोबत हेही टाका" म्हणून दिलेलं. डॉक्टर म्हणाले, तिन्ही एकत्र झाली की माणसाला काय होतं? चार वर्षं शेतकी कॉलेजात घालवलेला मी गप्प उभा राहिलो. बोंडअळीला काय होतं ते मला पाठ होतं. माणसाचं मला कोणी शिकवलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. तो माणूस वाचला. पण त्या दिवसापासून मी एक प्रश्न घेऊन फिरतो आहे: विषाचं माणसावर काय होतं हे शोधणाऱ्याचा पगार कोण देतो? कारण पगार देणारा जे विचारील तेच शोधलं जातं.

याची सगळ्यात स्वच्छ गोष्ट कपाशीतली नाही, पेट्रोलमधल्या शिशाची आहे. अमेरिकेतली आहे, पण ते शिसं आपल्या देशातल्या पेट्रोलमध्येही २००० सालापर्यंत होतं. आणि ती पहिल्यापासून शेवटापर्यंत नोंदलेली आहे, म्हणून सांगतो.

१९२१ साली जनरल मोटर्सच्या थॉमस मिड्ग्ली या इंजिनिअरला सापडलं की पेट्रोलमध्ये टेट्राइथिल लेड नावाचं शिशाचं संयुग घातलं तर इंजिन ठोके देत नाही. १९२३ साली ते पेट्रोल विक्रीला आलं. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीच्या एका कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले आणि तीसहून अधिक दवाखान्यात गेले. ओरड झाली. १९२५ च्या मे महिन्यात सरकारने वॉशिंग्टनला परिषद बोलावली. हार्वर्ड विद्यापीठाच्या डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी कारखान्या-कारखान्यांत फिरून शिशाची विषबाधा स्वतः तपासली होती. त्यांनी या रसायनाला विरोध केला. विक्री काही महिने थांबली, समिती बसली. १९२६ च्या जानेवारीत समिती म्हणाली, बंदी घालण्याइतका पुरावा आज दिसत नाही, पण पुढेही तपास चालू ठेवा, सोडून देऊ नका.

आता लक्ष द्या. तो तपास सरकारने चालवला नाही. तो गेला रॉबर्ट कीहो नावाच्या डॉक्टरकडे. कीहो हे शिशाचं पेट्रोल विकणाऱ्या इथिल कंपनीचे वैद्यकीय सल्लागार, आणि सिनसिनाटी विद्यापीठातली त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली ती याच धंद्यातल्या कंपन्यांच्या पैशावर. जवळजवळ चाळीस वर्षं शिशाबद्दल जगाला काय माहीत असावं ते या एका प्रयोगशाळेतून ठरत होतं.

कीहो खोटे आकडे लिहीत होते असं मी म्हणत नाही. त्यांची मोजणी त्या काळाच्या मानाने चांगली होती. चूक तुलनेत होती, आणि ती शेतकऱ्याला चटकन कळेल. शेजाऱ्याने तणनाशक म्हणून २,४-डी मारलं, वाऱ्याने ते तुमच्या कपाशीवर आलं, की पानं भेंडीच्या पानासारखी होतात. समजा, नुकसान मोजायला साहेब आले आणि ज्या दुसऱ्या वावरावर तोच वारा गेला आहे त्याच्याशी तुमच्या वावराची तुलना करून म्हणाले, "दोन्हीकडे पानं सारखीच आहेत, म्हणजे कपाशीचं पान असंच असतं." तुम्ही ऐकून घ्याल का? कीहोंचं हेच झालं. कारखान्याबाहेरच्या माणसांच्या अंगातही त्यांना शिसं सापडलं. मेक्सिकोच्या खेड्यातल्या लोकांतही सापडलं, पण ते लोक शिशाचा मुलामा दिलेल्या भांड्यांत जेवत होते. कीहोंनी निष्कर्ष काढला की माणसाच्या अंगात शिसं असणं नैसर्गिकच आहे, आणि १०० मिलिलिटर रक्तात ८० मायक्रोग्रॅमपर्यंत धोका नाही. आज अमेरिकेत लहान मुलाच्या तेवढ्याच रक्तात ३.५ मायक्रोग्रॅम निघालं तरी त्याच्या घराची चौकशी सुरू करतात.

ही चूक पकडली ती डॉक्टरने नाही, दगडांचा अभ्यास करणाऱ्या माणसाने. क्लेअर पॅटरसन हे आयोवाचे, मक्याच्या मुलखातले. उल्केतल्या शिशावरून त्यांनी पृथ्वीचं वय काढलं: ४५५ कोटी वर्षं. १९५६ साली ते प्रसिद्ध झालं आणि आजही तेच मानतात. हे काम करताना त्यांना छळत होतं ते हवेतलं, भांड्यांवरचं, स्वतःच्या केसांतलं शिसं. नमुन्यात ते मिसळायचं आणि आकडा बिघडायचा. म्हणून त्यांनी आम्लाने भांडी धुऊन, हवा गाळून, इतकी स्वच्छ प्रयोगशाळा उभी केली की तशी तोवर फारशी कुठे नव्हती. मग त्यांच्या मनात आलं, एवढं शिसं येतं कुठून? समुद्राचं पाणी तपासलं, तर खोल पाण्यापेक्षा वरच्या पाण्यात शिसं कितीतरी जास्त. पुढे ग्रीनलंडचा जुना बर्फ तपासला, तर जुन्या थरांत कमी आणि अलीकडच्या थरांत दोनशे पटींहून जास्त. म्हणजे शिसं निसर्गातलं नव्हतं, माणसाने पसरवलेलं होतं. वारा न लागलेलं वावर पॅटरसननी शोधून काढलं होतं.

१९६५ साली त्यांनी लिहिलं की सामान्य अमेरिकन माणसाच्या अंगात नैसर्गिक प्रमाणाच्या सुमारे शंभर पट शिसं आहे. त्यानंतर त्यांच्या नोकरीचं काय झालं ते मुलीच्या बापांनी नीट ऐकावं. तेल कंपन्यांच्या संघटनेकडून संशोधनाला पैसे मिळत होते, ते बंद झाले. सरकारी आरोग्य खात्याचं कंत्राट पुढे वाढलं नाही. १९७१ साली हवेतल्या शिशाचा अहवाल करायला राष्ट्रीय समिती बसली, त्या समितीत त्यांना घेतलंच नाही. पण विद्यापीठातली जागा टिकली आणि माणूस हटला नाही.

त्यांच्या पाठोपाठ हर्बर्ट नीडलमन हे मुलांचे डॉक्टर उभे राहिले. त्यांनी शाळेतल्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले, त्यातलं शिसं मोजलं, आणि १९७९ साली दाखवून दिलं की ज्या मुलांच्या दातांत शिसं जास्त, ती मुलं बुद्धीच्या चाचणीत आणि वर्गातल्या लक्षात मागे पडतात. दिसायला मूल धडधाकट, आजारी नाही, पण आतून कमी झालेलं. १९९१ साली त्यांच्यावर संशोधनात लबाडी केल्याचा आरोप झाला. आरोप करणाऱ्या दोघी तज्ज्ञ शिशाच्या धंद्याच्या बाजूने कोर्टाच्या कामात तज्ज्ञ म्हणून राहिलेल्या होत्या. नीडलमननी मागणी केली की चौकशी उघड्यावर करा. १९९२ साली ती झाली आणि ते लबाडीच्या आरोपातून सुटले.

शेवट काय? १९७६ ते १९८० या काळात अमेरिकनांच्या १०० मिलिलिटर रक्तात सरासरी १२.८ मायक्रोग्रॅम शिसं होतं. पेट्रोलमधलं शिसं कमी होत गेलं तसं १९९१ पर्यंत ते २.८ वर आलं. १ जानेवारी १९९६ ला तिथल्या रस्त्यांवरच्या गाड्यांसाठी ते पुरतं बंद झालं. पॅटरसन १९९५ च्या डिसेंबरात वारले, महिनाभराने हुकलं. आपल्याकडे ते १ फेब्रुवारी २००० पासून थांबलं. जगातलं शेवटचं शिशाचं पेट्रोल अल्जीरियात २०२१ साली संपलं. पहिल्या पाच कामगारांच्या मरणापासून ९७ वर्षं लागली, भावांनो. १९२६ साली "तपास चालू ठेवा" हे वाक्य लिहिलं गेलं होतं. फक्त तपासाचा खर्च कोणी करायचा, एवढंच चुकीच्या हातात गेलं.

कोणी म्हणेल, ही मोठ्या देशाची गोष्ट. मग कपाशीवरच्याच औषधाची, आपल्याच देशातली सांगतो. एंडोसल्फान तुम्ही सगळ्यांनी मारलं आहे. केरळमध्ये कासारगोड जिल्ह्यात काजूच्या सरकारी मळ्यांवर ते वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरने फवारलं जात होतं. तिथल्या एका गावच्या डॉक्टरांना, मोहनकुमारांना, एकाच भागात विचित्र आजार फार दिसू लागले. त्यांनी ते टिपून ठेवले आणि लिहिले. लीलाकुमारी अम्मा या कृषी खात्यातच नोकरीला होत्या. त्या १९९८ साली फवारणीविरुद्ध कोर्टात गेल्या. मग राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने विचारणा केली आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेचे शास्त्रज्ञ तिथे पोचले. त्यांनी फवारणीच्या गावातली मुलं आणि फवारणी नसलेल्या गावातली मुलं तपासली. तुलनेचं वावर बरोबर निवडलं होतं. फवारणीच्या गावातल्या मुलग्यांचं वयात येणं लांबलेलं दिसलं. २००३ साली ते प्रसिद्ध झालं. कंपन्यांच्या बाजूने त्यावर हल्ले झाले, वाद झाले, पण कागद टिकला. २०११ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने देशभर एंडोसल्फान थांबवलं.

यात दोन गोष्टी पहा. शास्त्रज्ञांचा पगार सरकारी होता, म्हणजे तुमच्या-माझ्या पैशाचा होता. आणि ते आपण होऊन आले नाहीत. गावाने आधी टिपून ठेवलं होतं, म्हणून त्यांना यावं लागलं.

आता आपल्या दाराशी या. २०१७ चा पावसाळा कोणी विसरलं नाही. यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्यातली किती तरी माणसं दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारणारी होती. चौकशी पथक आलं, चर्चा झाल्या, हातमोजे आणि चष्मे वाटले गेले. पण एक साधी गोष्ट मी तेव्हाही मागत होतो, आजही मागतो. ऑरगॅनोफॉस्फेट गटाची औषधं, म्हणजे मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी, अंगात गेली की रक्तातलं कोलिनएस्टरेज नावाचं द्रव्य निकामी करतात. नसांचा कारभार त्यावर चालतो. रक्त तपासून ते मोजता येतं. पण ते प्रत्येकाचं मुळातच कमी-जास्त असतं. माणूस कोसळल्यावर मोजलं, तर आधी किती होतं हे कळायला मार्ग नाही. हंगामाआधी एकदा मोजून ठेवलं, तर हंगामात घसरण लगेच दिसते, माणूस कोसळण्याआधी दिसते.

ही माझी कल्पना नाही. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १९७४ पासून ही पद्धत आहे. असली औषधं नेमाने हाताळणाऱ्या मजुराचं रक्त आधी तपासतात. पुढच्या तपासणीत आकडा मूळच्या ८० टक्क्यांखाली आला तर काम कसं चाललं आहे ते मालकाला तपासावं लागतं. तांबड्या पेशींतला आकडा ७० टक्क्यांवर किंवा त्याखाली आला तर मजुराला फवारणीवरून काढून दुसरं काम द्यावं लागतं. हे नियम विषशास्त्रज्ञांनी बांधून दिले. तसा विषशास्त्रज्ञ आपल्या जिल्ह्यात कोण आहे? कपाशीवर फवारणारा एवढा मोठा जिल्हा, आणि फवारणाऱ्याचं रक्त सांभाळणारा शास्त्रज्ञ एक नाही.

पैसे नाहीत असं कोणी सांगू नये. नवं कीटकनाशक नोंदवताना त्याच्या विषारीपणाची कागदपत्रं कंपनी देते, त्या चाचण्यांचा खर्चही कंपनी करते. तो खर्च बाटलीच्या किमतीत येतो, म्हणजे आपण देतो. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा रासायनिक कीटकनाशकांवर १८ टक्के दर लागला. तोही आपण दिला. विष तपासणाऱ्याचा पगार कोण देतो, या प्रश्नाचं उत्तर इतकं सोपं आहे. कंपनीच्या शास्त्रज्ञाचा आणि सरकारच्या शास्त्रज्ञाचा, दोघांचाही पगार शेवटी आपल्याच खिशातून जातो. फक्त आपण पगार देऊन काम सांगत नाही. काम दुसरेच सांगतात.

म्हणून या हंगामापासून तीन कामं.

पहिलं, प्रत्येक गावात फवारणीची वही ठेवा. तारीख, औषधाचं कंपनीचं नाव आणि खालचं रासायनिक नाव, पंपाला किती घातलं, कशात काय मिसळलं, कोणी फवारलं, किती तास, आणि रात्री त्या माणसाला काय झालं. मळमळ, डोकेदुखी, अंधुक दिसणं, छाती भरणं, सगळं लिहा. घरातल्या शाळकरी पोराला हे काम द्या. मजुराचं नाव मालकाच्या आधी लिहा. रिकामी बाटली लेबलासकट हंगामभर जपून ठेवा, पण घरापासून दूर, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी. माणूस दवाखान्यात नेताना ती सोबत न्या. डॉक्टरसमोर माझ्यासारखं गप्प उभं राहू नका.

दुसरं, ग्रामसभेत ठराव करा: जूनच्या आत फवारणाऱ्यांचं रक्त तपासा, हंगामात पुन्हा तपासा, कागद मजुराच्या हातात द्या. ठराव तालुक्याला आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना पाठवा. एका गावाचा ठराव फायलीत जातो. शंभर गावांचे ठराव एकाच आठवड्यात पोचले तर कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

तिसरं, त्या बापाचं उत्तर. दादा, मुलीला शिकू द्या. लखनऊला भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था आहे, अहमदाबादच्या संस्थेचं नाव मघाशी घेतलं, हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे, आणि पर्यावरणाच्या प्रदूषणाचं काम करणारी नीरी तर आपल्या नागपुरातच १९५८ पासून आहे. पोट भरतं, पण कंपनीच्या नोकरीइतक्या लवकर नाही. शिक्षण लांबतं, जागा थोड्या, आणि कोणाला न आवडणारा आकडा निघाला तर त्रास होतो. पॅटरसनला झाला, नीडलमनला झाला. हे लपवून मी तुमचा होकार मागणार नाही. उद्या ती कंपनीच्या प्रयोगशाळेत गेली तरी मला राग नाही, तिथेही खरं मोजणारी माणसं लागतात. माझं तिला एवढंच सांगणं आहे की कुठेही गेलीस तरी तुलनेचं वावर कोणी निवडलं ते आधी विचार.

आणि तुम्हा सगळ्यांना सांगणं हे की तिला एकटी पाडू नका. पाच-सहा वर्षांनी ती शिकून आली आणि म्हणाली की मला या जिल्ह्यातल्या फवारणीचा अभ्यास करायचा आहे, तर तिच्या हातात काय देणार? तेव्हा शंभर गावांच्या पाच हंगामांच्या वह्या तयार असल्या पाहिजेत. पहिली वही मी आज सोबत आणली आहे. बैठक संपल्यावर नमुना उतरवून घ्या आणि आपल्या गावचं नाव नोंदवून जा.